४६ छाती, ८० सेंटीमीटरचा पैठणीचा ब्लाउजपीस: मास्तरांना नेमकं काय सांगायचं?

कळवा_नाका (प्रश्न)

लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाउज शिवायचा आहे. ब्लाउजपीस साडीलाच जोडून आलेला, ८० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना मुनियाचा काठ. अजून कात्री लावलेली नाही, म्हणून आधी विचारते.

मापं इंचात: छाती ४६, छातीच्या वर काखेतून ४२, छातीखाली ३९, पोट ४३, सीट ५०, खांदा १४.५, दंड १६.५. ब्रा ४४ बी.

कुणाकडेही शिवला तरी चार गोष्टी ठरलेल्या. खांदा उतरतो. हात वर केला की ब्लाउज खालून वर सरकतो. पुढे तिसऱ्या हुकापाशी फट पडते. आणि पाठीवर मात्र काखेजवळ कापड सैल, उभ्या घड्या. नौपाड्यात दोन ठिकाणी सांगून पाहिलं, उत्तर एकच: "मॅडम, बॉडी हेवी आहे, थोडं वजन कमी करा, फिटिंग आपोआप बसेल." वजनाचं राहू द्या, मुहूर्त त्याआधी आहे.

कोणते आकडे सांगायचे? कटोरी, प्रिन्सेस की साधे टक (उभारासाठी शिवलेल्या चिमट्या)? ८० सेंमीत होईल का? "गडद रंग घाला, लांब बाही घाला" हे सोडून सांगा प्लीज.

माया_दीड_इंच

चारही तक्रारींचं मूळ एकच. मास्तर छातीचं एक माप घेतात आणि उरलेले आकडे त्यालाच भागून काढतात. ३२ ते ३८ पर्यंत हा भागाकार खपून जातो. ४६ ला तो सगळीकडून फसतो, कारण छाती दहा इंचांनी वाढली म्हणून मान, खांदा आणि पाठ त्या प्रमाणात वाढत नाहीत.

गळ्यापासून बघा. जुन्या रीतीत गळ्याची अर्धी रुंदी म्हणजे छातीचा बारावा भाग. ३६ ला ३ इंच येते, ठीक. ४६ ला येते पावणेचारच्या वर. दोन्ही बाजू धरून गळा दीड इंच जास्त रुंद कापला गेला, आणि तुमचा खांदा तर साडेचौदाच. त्यात मागचा गळा आठ-नऊ इंच खोल. खांदा उतरणार नाही तर काय होईल! तुम्हाला अर्धी रुंदी ३ इंच पुरे, फार तर सव्वातीन. मागचा गळा ७ इंचांपेक्षा खोल हवा असेल तर दोरी हवीच, आणि ती खांद्याच्या शिवणीखाली दोन-अडीच इंचांवर. लटकनं शोभेला राहू देत, दोरीचं खरं काम दोन खांदे एकमेकांना धरून ठेवणं.

आता पुढचा-मागचा भाग. ४६ मध्ये एक इंच सैल धरून ४७, भागिले ४, म्हणजे पावणेबारा. पुढे पावणेबारा, मागे पावणेबारा, असं कापतात. अंगावर टेप लावून बघा, पाठ एका बगलेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत २२ च्या आसपास भरेल, उरलेले २५ पुढे. म्हणजे पाठीच्या प्रत्येक अर्ध्या भागात पाऊण इंच कापड जास्त आणि पुढे पाऊण इंच कमी. हुकापाशी फट आणि पाठीवर घडी, दोन्ही याच पाऊण इंचाची करामत.

उपाय: कटिंग ४२ वर करायचं. खांदा, गळा, मुंढा (बाही जोडायची गोलाई), पाठ सगळं छातीच्या वरच्या मापावर. छातीच्या वर ४२ असलेल्या नेहमीच्या नमुन्यात दोन इंचांचा उभार धरलेलाच असतो, तुमचा फरक चारचा आहे. राहिलेले दोन इंच फक्त पुढच्या भागात, एकेका बाजूला एक इंच, आणि तेही टकाच्या रेषेवर नमुना उघडून. बगलेला वाढवले तर उभार मिळत नाही, काखेत नुसता फुगा येतो.

मुंढा. खोल मुंढा म्हणजे मोकळा मुंढा, हा टेलरिंगमधला सर्वांत हट्टी गैरसमज. मुंढ्याचा खालचा बिंदू काखेच्या जितका जवळ, तितका हात सुटा हलतो. तो खाली गेला की हात उचलताना बाही बगलेला ओढते आणि बगल अख्ख्या ब्लाउजला. सहाने भागणारे मास्तर ४६ ला जवळपास पावणेआठची खोली देतात, तुम्हाला ७ च्या आसपास लागेल. काखेखाली अर्धा इंच मोकळी जागा बास. रुंदी हवी ती बाहीला: दंड कोपरात वाकवून, सर्वांत जाड भागावर मोजा आणि त्यात दीड इंच घाला, म्हणजे १८. बहुतेक ठिकाणी दंड बाहीच्या काठावर मोजतात आणि वरचा भाग अंदाजाने सोडतात. बाहीची वरची गोलाई ४ इंचांऐवजी ३ ते सव्वातीन. गोलाई उंच असली की हात खाली असताना बाही देखणी दिसते आणि वर केला की अडकते. लेडीज डब्यातली कडी धरून उभं राहायचं असेल तर गोलाई बसकीच हवी.

मास्तरांना कागदावर हे लिहून द्या, तोंडी सांगितलेलं टेबलावरून खाली पडतं: छातीच्या वरचं माप, छाती, छातीखालचं, पाठीची रुंदी, खांद्यापासून छातीच्या पॉइंटपर्यंत, दोन पॉइंटमधलं अंतर, खांद्यापासून पॉइंटवरून छातीखालच्या पट्टीपर्यंत, मागची उंची, मुंढाघेर, दंड. यातलं पॉइंटवरून घेतलेलं पुढच्या उंचीचं माप जवळजवळ कुणी घेत नाही. तुमच्या मापाला पुढची उंची मागच्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त भरते. ती दिली नाही तर पुढची पट्टी छातीवरच चढून बसते.

माया (शिवणीत आत सोडलेलं जादा कापड) बगलेत दीड इंच आणि बाहीतही दीड इंच. बगलेत सोडतात, बाहीत विसरतात, मग उसवून उपयोग शून्य.

मुनिया_काठ

वरचं सगळं पटलं, आता कापडाकडे येते.

८० सेंमी म्हणजे साडेएकतीस इंच, पन्हा साधारण ४५. काठ साडेएकतीसच्या बाजूने धावतो. बाहीच्या खालच्या कडेला काठ हवा, तर एक बाही एका काठावरून, दुसरी दुसऱ्या काठावरून, प्रत्येकी काठाच्या दिशेने मायेसकट २० ते २१ इंच. दोन्ही बाह्या एकाच काठावरून काढायचा प्रयत्न केलात तर तिथेच गणित संपलं. मुनिया म्हणजे पोपट, हेही मास्तरांना दाखवा: दोन काठांवर ते एकमेकांच्या उलट दिशेने चालत असू शकतात. पोपटांचे पाय बाहीच्या कडेकडे की खांद्याकडे, हे कापण्याआधी खडूने बाण काढून ठरवा. उलटे लटकलेले पोपट फोटोत पहिले दिसतात.

बाह्या काढल्यावर मधे साधारण ३१ बाय ३१ चा चौकोन उरतो. त्यात सलग पाठ आणि सलग दोन पुढचे भाग ४६ ला बसत नाहीत, कितीही फिरवा. म्हणून:

पाठ मधली १९ ते २० इंचच पैठणीची, बगलेत दोन्हीकडे तीन-तीन इंचांची उभी पट्टी त्याच रंगाच्या साध्या रॉ सिल्कची. हात खाली असताना दिसत नाही, वर केला तर मुद्दाम केल्यासारखी दिसते.

पुढे कटोरी. प्रिन्सेस कटला खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खालपर्यंत लांब सलग तुकडे लागतात, तेवढी उंची उरलेल्या कापडात मिळत नाही. कटोरी लहान तुकड्यांची असते, छोट्या जागेत बसते. छातीखालची पट्टी रॉ सिल्कची चालेल, पदराखाली जाते.

आणि फक्त कापडापुरतंच म्हणत नाही. एका टकात अडीच-तीन इंच कापड कोंबलं की तिथे शंकू तयार होतो, टोक पुढे आल्यासारखं. तोच उभार दोन किंवा तीन शिवणींत वाटला की गोल बसतो. साधे टकच हवे असतील तर एका मोठ्याऐवजी तीन छोटे सांगा आणि प्रत्येक टक पॉइंटच्या सव्वा ते दीड इंच आधी संपवायला सांगा. लहान मापाला पाऊण-एक इंच आधी संपवतात, तीच सवय इथे चालवतात आणि टोक येतं.

पैठणी उसवायच्या भरवशावर कापू नका. सुईची भोकं रेशमावर दिसत राहतात, जरीची तार ओढली गेली तर धागा निघतो. आधी अस्तरच कापा, ते कच्च्या टाक्याने जोडून अंगावर घालून बघा, खुणा करा, मग त्याच अस्तरावर पैठणी ठेवून कापा. अस्तर तसंही लागणारच, त्यामुळे कापड वाया जात नाही. ३६ पन्ह्याचं टू बाय टू रुबिया (अस्तराचं सुती कापड) सव्वा मीटर घ्या. कापण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून. सुती अस्तर पहिल्या धुण्यात चार टक्के आटलं तर ४६ इंचांत पावणेदोन इंच गेले, आणि पैठणी आटणार नाही. वर कापड तेवढंच आणि आत अस्तर ओढलेलं, असा ब्लाउज दुरुस्त होत नाही. मॅचिंग सेंटरमध्ये चकचकीत क्रेपचं अस्तर पुढे करतील, रंग हुबेहूब जुळतो म्हणून. ठाण्याच्या दमट हवेत ते घामाला चिकटतं आणि ब्लाउज वर चढवतं. नको.

सुई ११ नंबर, १६ नाही.

तिसरा_हूक

ब्लाउजच्या आधी ब्राचं बघा, नाहीतर वरची सगळी मेहनत चुकीच्या पायावर. मापं जी ब्रा लग्नात घालणार तीच घालून घ्यायची.

तुमची मापं आणि ४४ बी यांचा मेळ लागत नाही. दुकानात जुनी रीत चालते: छातीखालचं माप ३९, त्यात ५ मिळवा, ४४. छाती ४६, फरक दोन, म्हणून बी. या रीतीने पट्टा पाच इंचांनी सैल आणि कप छोटा. सरळ मोजा: छातीखाली ३९, पुढचा सम आकडा ४०. ४६ वजा ४० म्हणजे ६. एका इंचाला ए, दोनाला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी, सहाला ई. म्हणजे ४० ई पासून सुरुवात करा. डीच्या पुढे कंपन्यांची अक्षरं एकमेकांशी जुळत नाहीत, काही ठिकाणी ट्रिपल डी लिहितात, त्यामुळे अक्षरावर अडून न बसता घालून बघायचं. ४० ई नसेल तर ४२ डीडीचा कप तेवढ्याच मापाचा, पट्टा मात्र सैल.

घातल्यावर काय बघायचं: मागचा पट्टा जमिनीला समांतर. तो वर चढला तर पट्टा सैल आहे, आणि मग सगळं वजन खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतं, खांद्याला खाचा पडतात. मग पट्ट्या आणखी आवळतात, मागचं आणखी वर जातं. पुढे दोन कपांच्या मधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. कपाच्या वरच्या काठाने छाती दोन भागांत कापल्यासारखी दिसली तर कप लहान. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, इलॅस्टिक सैल होत गेलं की आतल्या हुकांवर यायला जागा राहते. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर घालावी लागली तर एक माप खाली या.

हे बदललं की छातीचा पॉइंट एक-दीड इंच वर येऊ शकतो. मग आधीच्या ब्लाउजवरून माप घेऊन चालणार नाही, हे टेलरला बजावून सांगा. "जुना ब्लाउज द्या, त्याच्यावरून करतो" हे वाक्य ऐकलं की उठायचं.

तिसऱ्या हुकाची फट: हुकांची संख्या पाचवरून सात करा आणि एक हूक बरोबर पॉइंटच्या रेषेत येईल असा बसवा, बाकीचे त्याच्या वर-खाली मोजून. नेहमी वरून मोजत येतात आणि छातीची रेषा दोन हुकांच्या मधोमध सापडते. हूकपट्टीखाली आतून दीड इंचाची जादा पट्टी ठेवा, चुकून ताण आलाच तर कातडी दिसत नाही.

कळवा_नाका

टेप घेऊन बसले. पाठ २१.७५, तुम्ही म्हणालात तशीच! पुढची उंची मागच्यापेक्षा पावणेदोनने जास्त. ४० ई ची चौकशी करते.

दोन शंका. मास्तर "कच्ची ट्रायल आम्ही करत नाही" म्हणाले तर? आणि पैठणी नेसताना निऱ्या तीन-चारच येतात, पदर आखूड केला तरी. पीस कापल्यावर काय होईल?

निरी_मोजणारी

निऱ्यांचं उत्तर साध्या बेरजेत आहे. पीस सोडून साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. सीट ५० असेल तर पहिला वेढा ५०, दुसरा वेढा ५०, शंभर गेले. पदर समोरून तिरका, खांद्यावरून मागे गुडघ्यापर्यंत, साधारण ७८. उरले ३८. पाच इंचांची एक निरी दहा इंच खाते, म्हणून चारच्या आत. सीट ३६ असणाऱ्या बाईला त्याच साडीत वेढ्यांतले २८ इंच वाचतात, पदरही थोडा कमी लागतो, तिच्या सात निऱ्या होतात. कौशल्य नाही, इंच.

मार्ग असे. पदर मागे गुडघ्याऐवजी मांडीच्या मध्यापर्यंत ठेवला तर सात-आठ इंच मिळतात, पण पैठणीचा पदर म्हणजेच पैठणी, तिथे हात आखडवत नाही. दुसरं, पहिला वेढा समोर उजव्या बाजूने सुरू करण्याऐवजी डाव्या कमरेच्या जरा पुढून खोचला तर काही इंच सुटतात. परकर त्याच रंगाचा हवा, नाहीतर आत दिसतो. तिसरं आणि सगळ्यांत सोपं: पीस कापूच नका. तो साडीतच राहू द्या, खोचायच्या टोकाला. एकदम साडेएकतीस इंच, म्हणजे तीन निऱ्या जादा. ब्लाउज विरोधी रंगाच्या रॉ सिल्कचा, त्याला हवं तेवढं कापड घेता येतं, दादरला हिंदमाताला किंवा वाशीला सेक्टर १७ मध्ये मिळून जातं. ४६ ला ४४ पन्ह्याचं सव्वा मीटर. मग पोपट उलटे-सुलटे हा प्रश्नही संपला. मुनिया_काठ यांचा आराखडा उत्तम आहे, पण सात निऱ्या आणि काठाची बाही यात एकच निवडायचं असेल तर माझं मत निऱ्यांना.

परकर. 'फ्री साइझ' असं लिहिलेला परकर ५० च्या सीटला पायांत अडकतो, चालताना साडी मागे खेचतो आणि निऱ्या उघडतात. लोक पिना वाढवतात, दोष परकराचा असतो. सहा कळ्यांऐवजी आठ कळ्यांचा शिवून घ्या, ३६ पन्ह्याचं कापड पावणेतीन ते तीन मीटर, सीटला ५४ भरेल असा. कमरेला नाडीऐवजी दोन इंच रुंद पट्टा आणि बाजूला दोन मोठे हूक, दोन जागी आय (हूक अडकवायची घरं) लावून, म्हणजे जेवणानंतर एक घर सैल करता येतं. नाडीच हवी तर रुंद, आणि रोज एकाच रेषेवर नको. हे नुसतं आरामापुरतं नाही. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केस मांडल्या होत्या: वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळल्याने न भरणारी जखम आणि पुढे तिथेच त्वचेचा कर्करोग. असं क्वचितच होतं. पण नाडीच्या जागी काळा पट्टा, खाज किंवा भेग दिसली की ती जागा बदलायची आणि भेग भरत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मांड्या घासतात त्यावर परकराखाली कॉटन-लायक्राची सायकलिंग शॉर्ट, गुडघ्याच्या दोन इंच वर संपणारी. आखूड घेतली तर गोळा होऊन वर सरकते आणि तिची कडच सोलवटते.

सातारकर_घोडबंदर

एवढं सगळं करण्यापेक्षा उभ्या रेघा, गडद रंग घालणं आणि आडव्या पट्ट्या टाळणं हे सोपं नाही का? डोळ्यांना बारीक दिसतं.

तिसरा_हूक

प्रश्नात "हे सोडून सांगा" असं लिहिलंय, दादा.

तरी विषय काढलाच आहे तर: हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकातच दाखवलं होतं की सारख्या मापाचे दोन चौकोन घेतले, एकात आडव्या रेघा आणि एकात उभ्या, तर आडव्या रेघांचा चौकोन जास्त उंच आणि अरुंद भासतो. म्हणजे घरोघरी चालणारा सल्ला बरोबर उलटा. अंगावर रेघ सरळ राहतच नाही, वळते, त्यामुळे कपड्यात दोन्हींचा फरक किरकोळ. खरा फरक पडतो तो ताणलेल्या शिवणीने. ओढ बसलेला काळा ब्लाउज, मापात बसलेल्या मोरपंखीपेक्षा वाईटच दिसतो. आणि बाईला बारीक दिसायचंय असं तिने कुठे लिहिलंय?

पामबीच_रोड

माझा प्रश्न घुसवते, विषय जवळचा आहे म्हणून. रेडिमेड कुर्त्या. एका दुकानात डबल एक्सएल बसते, दुसऱ्यात चार एक्सएलही पोटावर अडकते. छाती ४५, पोट ४४, सीट ५१. सीवूड्सच्या मॉलमध्ये अर्धा दिवस ट्रायल रूममध्ये जातो. काही नियम आहे का?

खारघर_कात्री

नियम नाही, म्हणूनच तर घोळ. आपल्याकडे वर्षानुवर्षं कंपन्या परदेशी तक्ते आपापल्या परीने वाकवून वापरत आल्या. इथे खारघरला जिचं केंद्र आहे त्या निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली ती याच कारणासाठी: १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं, सहा शहरांत, थ्रीडी स्कॅनरने. लेबलवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, टेपवर ठेवा.

तक्ता वाचताना पहिली खात्री: आकडा अंगाचा की कपड्याचा? कुर्त्यांच्या लेबलवर बहुधा डबल एक्सएल ४४, तीन एक्सएल ४६, चार एक्सएल ४८ असतं, आणि अनेकदा ते कपड्याचंच माप असतं. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्याला छातीत ३ ते ४ इंच सैल लागतं. म्हणजे ४५ च्या छातीला कपडा ४८ ते ४९ चा, तर चार एक्सएल. त्याच दुकानात तक्ता अंगाचा असेल तर तीन एक्सएल पुरेल. दुकानात टेप न्यायला लाजू नका, कुर्ता टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. ट्रायल रूमच्या चार फेऱ्या वाचतात.

पोटावर अडकतं ते बहुतेक वेळा छातीचं माप नसतं. बाजूचा कट कुठे सुरू होतो ते बघा. तो पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या रेषेच्या वर सुरू झाला की बसताना उघडतो, त्रिकोण पडतो. कट त्या रेषेच्या दोन-तीन इंच खाली हवा. सीट उभं राहून ५१ असेल तर बसून ५२.५ ते ५३ होते, माप बसूनच घ्या. शिवून घेणार असाल तर ए-लाइन, ४४ लांबीला ४४ पन्ह्याचं ३ मीटर कापड. ड्रेस मटेरियलमध्ये वरच्या कापडाला मिळणारे सव्वादोन-अडीच मीटर तुम्हाला पुरणार नाहीत. मग टेलर बाही आखूड करतो किंवा घेर चोरतो, आणि सांगत नाही.

रेडिमेड घेताना सर्वांत मोठ्या मापाला बसेल तोच घ्या, तुमच्या बाबतीत सीटला. मग खांदा उतरला तर तो दुरुस्त होतो: बाही काढून खांद्याच्या टोकाला अर्धा-पाऊण इंच आत घेतात. उलटं होत नाही, कारण रेडिमेडच्या शिवणीत माया पाव-अर्धा इंचच असते आणि ओव्हरलॉकने कापलेली. काखेत आवळत असेल तर मुंढा खाली कापून घेऊ नका, वर सांगितलेलंच कारण. काखेत अडीच-तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवून घ्या, जुन्या झब्ब्यांना असायचा तसा. रंग थोडा वेगळा असला तरी दिसत नाही. कापड नसेल तर खालची दुमड रुंद असलेल्या कुर्त्यात ती उलगडून तिथून काढता येतं.

शॉर्ट कुर्ता किंवा टॉप ऑनलाइन मागवताना मॉडेलची उंची आणि तिने घातलेलं माप दोन्ही लिहिलेलं असेल तेच दुकान बरं. नसेल तर परीक्षणांतल्या ग्राहकांच्या फोटोंवर जा.

माया_दीड_इंच

कळवा_नाका, कच्च्या ट्रायलबद्दल. "करत नाही" म्हणणाऱ्याला वेगळ्या शब्दांत विचारा: "आधी फक्त अस्तराचा ब्लाउज शिवून द्या, बाहीसकट, त्याचे पैसे वेगळे घ्या." याला सहसा नकार येत नाही, कारण मजुरी मिळते. सुती पॉपलीनचा शिवलात तर रोजच्या साडीवर वापरताही येतो. लग्नाच्या हंगामात मात्र जाऊ नका. तुळशीच्या लग्नानंतर कुठलाही मास्तर ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. निदान दीड महिना आधी, आणि दुपारी, दुकान रिकामं असताना. "वजन कमी करा" आलंच तर वाद न घालता कागद पुढे करा आणि विचारा, पाठ बावीस आणि पुढे पंचवीस असं कापाल का? जो टेलर "हे कशाला?" असं विचारून ऐकून घेतो, त्याच्याकडे शिवा. जो "आम्हाला सवय आहे" म्हणतो, त्याच्याकडे फॉल-पिको करा.

ट्रायलला हे बघा, याच क्रमाने. सगळे हूक लावून दोन मिनिटं नुसतं उभं राहा, लगेच निर्णय नको. मग दोन्ही हात डोक्यावर: खालची कड अर्ध्या-पाऊण इंचापेक्षा जास्त चढली तर मुंढा खोल आहे, तो कमी करायचा म्हणजे काखेत तुकडा घालून वर आणायचा, आणि पुढच्या नमुन्यात वर कापायचा. हात समोर, वाढायला वाकल्यासारखे: पाठीवर मुंढ्यापाशी ताण आला तर पाठीची रुंदी कमी पडली. मग खुर्चीत बसा: पोटावर पट्टी वळली तर उंची अर्धा इंच जास्त आहे. शेवटी आरशात बगलेची शिवण बघा, ती सरळ खाली यायला हवी. पुढे झुकली असेल तर पुढच्या भागाला अजून कापड हवंय, पाठीतून घ्या. चिमटीत जेवढं कापड जास्तीचं येतं तेवढंच, आणि टाचणी बाहेरच्या बाजूने. मास्तर खडूने खूण करतात आणि घामाने ती पुसली जाते, म्हणून मी टाचणीच म्हणते.

कळवा_नाका

पीस साडीतच ठेवते, सात निऱ्या हव्यात. रॉ सिल्क राणी कलर, कटोरी नको आता, कापड भरपूर आहे तर प्रिन्सेस. मुंढ्यापासून की खांद्यापासून?

मुनिया_काठ

खांद्यापासून. मुंढ्यातून निघणारी शिवण भरलेल्या छातीवर फार लवकर वळते, शिवताना कापड गोळा होतं आणि तिथे बारीक चुण्या राहतात. खांद्यातून काढली की वळण लांबलचक मिळतं, टेलरच्या हातालाही सोपं. शिवण खांद्याच्या मध्यावर सुरू करा, पॉइंटच्या पाऊण इंच बगलेकडून न्या, बरोबर पॉइंटवरून नको. वळणावर दर अर्ध्या इंचाला कात्रीचा छोटा काप आणि शिवण उघडून इस्त्री. राणी कलरच्या रॉ सिल्कला अस्तर त्याच रंगाचं शोधत बसू नका, मरून रुबिया आतून दिसत नाही, आणि रंग जातो का ते भिजवतानाच कळेल.